सिंकमध्ये न ओतलेलं

लुईसने पहिल्यांदा ग्लोरियाचा गळा धरला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि तो गाढ झोपेत होता. रात्रपाळी करून आलेला, म्हणून खोलीत अंधार केलेला. ती त्याच्या अंगावरची चादर सारखी करायला वाकली आणि त्याचे दोन्ही हात एकदम वर आले. डोळे मिटलेलेच. अंगठे तिच्या गळ्यात रुतले आणि तो दातओठ खात पुटपुटू लागला, "सोड... हँडल सोड..."

ग्लोरिया ऑपरेशन थिएटरमधली नर्स. श्वास किती वेळ अडला की माणसाचं काय होतं, हे तिला पाठ होतं. तिने गुडघा त्याच्या पोटात घातला. तो जागा झाला, तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि धावत जाऊन बाथरूममध्ये ओकला.

दोघं वसईचे, गिरीज गावातले. दोह्यात येऊन बारा वर्षं झाली होती. अल मन्सूरात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तेरा वर्षांची डॉली, शुक्रवारी चर्च. ग्लोरिया एका खाजगी हॉस्पिटलात आणि लुईस मेसईदच्या एका खतकारखान्यात ऑपरेटर. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर आठ वर्षं एकच माणूस बसायचा, हर्णैचा जहूर. दोघं मराठीत बोलायचे, म्हणून बाकीची बस त्यांना भाऊ समजायची.

दहा महिन्यांपूर्वी कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये अमोनियाची लाइन फुटली. पाळी बदलायची वेळ होती. शेडपासून शंभर पावलांवर साठ माणसं बसमधून उतरत होती, कुणाच्याही तोंडावर मास्क नव्हता. आत जहूर होता. लुईस दाराबाहेर होता. नियम सांगत होता की दार बंद करा, पाण्याचे फवारे सोडा. लुईसने दार बंद केलं. साठ माणसं वाचली. जहूरला बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे पांढरे पडले होते आणि ओठांची कातडी तोंड पुसणाऱ्याच्या हातात आली. चौकशीत लुईसने सांगितलं की आतून काही आवाज आला नाही, जहूर लगेच बेशुद्ध झाला असावा. कंपनीने त्याला शौर्याचं प्रमाणपत्र दिलं. ते घरी आलं त्या दिवशीच लुईसने त्याच्या फ्रेमवर इतक्या वेळा पाय दिला की काच तळव्यात घुसली.

त्यानंतर त्याचा हात उठू लागला.

आधी वस्तूंवर. मग बसमधल्या एका नेपाळी हेल्परवर, कारण त्याने खिडकी बोटाने वाजवली होती. लुईसने त्याचं डोकं समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. मग ग्लोरियावर. कुकरची शिट्टी झाली, कुणी जोरात दार लावलं, नळात हवा अडकून आवाज आला, की त्याचा हात उठायचा. नंतर तो रडायचा, तिच्या पायाशी बसायचा. एकदा त्याने भरलेला कुकर भिंतीवर फेकला आणि डाळ डॉलीच्या दंडावर उडाली. फोड आले. शाळेत काय सांगायचं, असं ग्लोरियाने विचारल्यावर पोर नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली, "आय विल से आय वॉज कुकिंग." खोटं बोलायला पोर शिकली, हे ग्लोरियाला त्या फोडांपेक्षा जास्त लागलं.

डॉ. तबिश नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. शांत, कराचीचे, ग्लोरियाशी हिंदीत बोलायचे. त्यांनी तीन वेळा गोळ्या बदलल्या. चौथ्या भेटीत त्यांनी कागद बाजूला सारले.

"सिस्टर, एक बात बताऊँ? ऑस्ट्रेलिया में दो-ढाई साल से कुछ डॉक्टरों को इजाज़त मिली है. ऐसी दवा, जो कल तक सिर्फ़ नशा कहलाती थी. मरीज़ के साथ घंटों बैठते हैं, उससे बात करवाते हैं. केटामीन तो आपके मुंबई में भी डिप्रेशन के लिए देते हैं, अस्पताल में, निगरानी में. कुछ मरीज़ों को फ़ायदा होता है."

"और यहाँ?"

"यहाँ ये मेरे हाथ में नहीं. शायद बदले. इन्शाल्ला." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "छुट्टी लीजिए. इन्हें मुंबई ले जाइए."

टॅक्सीत लुईसने ऐकूनच घेतलं नाही. "मुंबईला गेलो की कंपनी कारण विचारणार. कारण सांगितलं की मेडिकल अनफिट. खलास. आणि गिरीजला काय सांगू? लुईस येडा झाला?"

"मग असंच चालू दे? मला मारून टाकशील एक दिवस."

"तेच म्हणतोय मी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "त्याच्या आधी मला काहीतरी दे. तुझ्याकडे सगळी औषधं असतात ना?"

त्याने ते रागाने म्हटलं होतं की मनापासून, हे तिला कधीच कळलं नाही. पण वाक्य डोक्यात बसलं.

केटामीन तिच्या रोजच्या हाताखालचं औषध. भूल देताना वापरतात, कुलपाच्या कपाटात असतं. किल्ली सही करून घ्यायची, किती वापरलं ते लिहायचं, ॲम्प्यूलमध्ये उरेल ते दुसऱ्या नर्ससमोर सिंकमध्ये ओतायचं आणि दोघींनी सही करायची. दुसरी नर्स बहुतेक वेळा रिबेका असायची. तीही वसईची, नायगावची. डॉलीच्या बाप्तिस्म्याला, गिरीजला असतानाच, ती गॉडमदर म्हणून उभी राहिली होती. इथे एकत्र काम करताना नऊ वर्षांत तिने ग्लोरियाच्या हाताकडे एकदाही निरखून पाहिलं नव्हतं. विश्वास होता, आणि कामाची घाई होती.

एका बुधवारी ग्लोरियाने उरलेलं औषध सिरिंजमध्ये ओढलं, सिरिंज पायातल्या मोज्यात खोचली आणि सिंकमध्ये नुसतं पाणी सोडलं. रिबेका फोनवर बोलत आली, सही केली, गेली. ग्लोरियाने स्टुलावर बसून मोजा नीट वर ओढला.

हॉस्पिटलच्या कपाटात जे औषध होतं ते तिच्या मोज्यात गुन्हा होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या मानेवर स्कार्फखाली बोटांचे निळे डाग होते. तिने रात्ररात्र जागून लेख वाचले होते, परदेशातल्या क्लिनिकचे व्हिडिओ पाहिले होते. मंद दिवा, डोळ्यांवर पट्टी, शेजारी बसलेला शांत आवाजाचा माणूस. तिला वाटलं, हे मला जमेल. हजारो माणसांना मी झोपवलंय.

शुक्रवारी सकाळी डॉली चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेली की तीन तास घर मोकळं असायचं. पहिल्या शुक्रवारी लुईस लहान मुलासारखा दंड पुढे करून बसला. औषध चढलं तसा त्याचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांनी तिने तो चेहरा पाहिला. तो हळू आवाजात गिरीजच्या विहिरीबद्दल बोलला, वडिलांच्या पानवेलीबद्दल बोलला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी छतावर आहे," तो म्हणाला, "खाली कुणीतरी लुईस झोपलाय. बिचारा." तो आठवडा घरात शांतता होती. त्याने डॉलीला गणित शिकवलं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठून गच्चीवर गेला, पण हात उचलला नाही.

दुसऱ्या वेळी परिणाम कमी झाला. चार दिवसांत त्याने बाथरूमचं दार लाथेने फोडलं.

तिसऱ्या वेळेसाठी ग्लोरियाने दोन ऑपरेशनमधलं उरलेलं साठवलं. नर्स म्हणून जे कुणाच्या बाबतीत केलं नसतं, ते बायको म्हणून केलं. औषध वाढवलं. सकाळी त्याने झोपेच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पंचवीस मिनिटं तो दगडासारखा पडून होता. मग खाली कुणीतरी सिलिंडर उतरवला. लोखंड फरशीवर आदळलं.

लुईस उठला तो सरळ उभाच. डोळ्यांवरची पट्टी ओढून फेकली. त्याची बुबुळं थरथरत होती, त्याला खोली दिसत नव्हती. "गॅस," तो म्हणाला, आणि मग गुरासारखा ओरडला, "गॅस! गॅस!" ग्लोरियाने त्याचे खांदे धरले. तिला शिकवलेलंच ती बोलत होती, हळू, संथ, "लुईस, मी ग्लोरिया, तू घरी आहेस." त्याने तिला भिंतीवर भिरकावलं. ती उठेपर्यंत त्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली. कडकन आवाज झाला. तोंडात रक्त आणि दोन दात. दुसरी मूठ कानावर, तिसरी बरगडीत. ती रांगत बाथरूमकडे गेली. दार त्याच आठवड्यात नवीन बसवलेलं. तिने आतून कडी घातली आणि पाठ लावून बसली.

मग तो दार ठोकू लागला. मुठींनी, डोक्याने, मग स्टुलाने. आणि जे तो ओरडत होता ते त्याचं बोलणं नव्हतं. तो जहूरचं बोलत होता, जहूरच्या हर्णैच्या हेलात.

"लुईसभाय, दार उघड! लुईसभाय, डोले गेले माजे! उघड रे, मी हाय आत!"

आणि लगेच त्याच श्वासात, स्वतःच्या आवाजात, "सोड! हँडल सोड, जहूर! सोड म्हणतो ना!"

ग्लोरिया हनुवटी हातात धरून बसली होती. जबडा फुटलेला असूनही तिला सगळं कळलं. जहूर लगेच बेशुद्ध झाला नव्हता. तो दारापर्यंत आला होता, हँडल खाली दाबत होता, आणि बाहेरून लुईस तेच हँडल वर धरून होता.

आरडाओरडा खालच्या बकाल्यापर्यंत, किराणा दुकानापर्यंत गेला. तिथे काम करणारा उमैर, श्रीवर्धनचा, वर धावत आला. लॉक तोडून तो आत शिरला तेव्हा लुईसने गॅलरीची काच फोडली होती आणि तिचा हातभर तुकडा मुठीत धरला होता. स्वतःच्या तळव्यातून रक्त गळत होतं, त्याला पत्ता नव्हता. उमैर म्हणाला, "लुईसभाई, टाका ते, टाका..." लुईसने काच त्याच्या उजव्या हातावर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत मांस उघडं पडलं. उमैर तरीही त्याच्या अंगावर पडला, मागून दोन शेजारी आले, तिघांनी मिळून त्याला रक्ताळलेल्या फरशीवर दाबून धरलं.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा लुईस लाथा झाडतच होता. एकाने शांत करायचं इंजेक्शन काढलं. दुसऱ्याने विचारलं, "क्या लिया है इसने? कोई कुछ जानता है?"

ग्लोरिया दाराला धरून उभी होती. गप्प राहिली असती तर कदाचित काही कळलंही नसतं. आजारी माणूस, बिथरला, एवढंच. पण केटामीनवर, आणि सकाळी त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांवरही, हे इंजेक्शन गेलं तर त्याचा श्वास थांबू शकतो, हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं. जबडा हलत नव्हता. तिने त्या माणसाच्या खिशातलं पेन ओढलं आणि त्याच्या हातमोज्यावर लिहिलं. केटामीन. झोपेच्या गोळ्या? मी दिलं.

त्याने वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि इंजेक्शन परत ठेवलं. अर्ध्या रस्त्यात लुईसचा श्वास खरोखरच मंद झाला. त्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे श्वास द्यायचा फुगा तयार होता. तो जगला.

ग्लोरियाच्या जबड्याला तारा बांधल्या आणि आठव्या दिवशी तिला ताब्यात घेतलं.

रिबेकाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिने चोरी केली नव्हती, फक्त न पाहता सह्या केल्या होत्या. ती देश सोडण्याआधी ग्लोरियाला भेटायला आली. काचेपलीकडे बसून म्हणाली, "मला विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीस ना?" ग्लोरियाला तारांतून बोलता येत नव्हतं. तिने होकारार्थी मान हलवली. रिबेका उठून गेली.

कोर्टात डॉ. तबिश साक्षीला आले. स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता त्यांनी सांगितलं की हे औषध अनेक देशांत उपचार म्हणून मानलं जाऊ लागलंय, कायदे बदलतायत, आणि या बाईचा हेतू नशेचा नव्हता. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत एकच प्रश्न विचारला. त्या देशांमध्ये नर्सने चोरलेलं औषध घरी, डॉक्टरशिवाय, नवऱ्याला टोचायची परवानगी आहे का?

"नाही," डॉक्टर म्हणाले.

ग्लोरियाला तो प्रश्न अन्यायाचा वाटला नाही. कायदा बदलला असता तर लुईसला बसायला एक खोली मिळाली असती, शेजारी जाणकार माणूस मिळाला असता. तिने ती खोली चोरून उभी केली होती आणि तिच्यात जाणकार माणूसच नव्हता. तिला दीड वर्षाची शिक्षा झाली, नंतर हद्दपारी. लुईसला कोर्टाने आजारी ठरवलं. उपचार पुरे झाले की त्यानेही देश सोडायचा होता. डॉली शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी राहू लागली. उमैरच्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी राहिली.

खटला उभा राहायच्या आधीच उमैरने जन्नतला सांगितलं होतं. जन्नत म्हणजे जहूरची बायको. नवरा गेल्यावर ती दोह्यातच भावाकडे, इब्राहीमकडे राहत होती, लहान मुलांच्या शाळेत कामाला जात होती. उमैर म्हणाला, "भाभी, मला गप्प राहवत नाही. त्याचा आवाज तुमच्या माणसाचा होता."

ती इब्राहीमला घेऊन वॉर्डमध्ये आली. भेटीची वेळ होती, बाहेर कडक ऊन. लुईस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, हाताला पट्ट्या. तिला पाहून तो उठला.

"बसा," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं की त्यांना काही कळलंच नाही. झोप लागल्यासारखे गेले. तुम्हीच सांगितलंत, जनाज्याच्या दिवशी. खरं आहे?"

लुईसला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "नाही."

"किती वेळ?"

"चार मिनिटं."

"बोलले काही?"

"माझं नाव घेत होता. शेवटी तुमचं."

जन्नतचा चेहरा हलला नाही. "तुमच्या तोंडावर मास्क होता."

"होता. दहा सेकंद दार उघडलं असतं तर ओढता आला असता. बाहेरचे लोक तोवर मागे पळत होते. मला दिसत होतं. पण माझे हात सुटेनात, भाभी. तो खाली दाबायचा, मी वर धरायचो. मी भ्यालो होतो. साठ माणसांचं मी नंतर जोडलं."

तिने आधी चपराक मारली. मग दुसरी. मग पर्स फेकून दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर, छातीवर, पट्ट्या बांधलेल्या हातावर मारत सुटली. टाके उसवले, रक्त तिच्या बाहीवर उडालं. टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलून तिने त्याच्या कपाळावर घातला. लुईसने हात वर केले नाहीत. इब्राहीम तिला मागून धरत होता, नर्स धावत आल्या. ती ओरडत होती, "झोपले होते म्हणालास! एवढं तरी माझं राहू द्यायचं होतंस!"

कपाळावर सात टाके पडले. त्या दिवसापासून लुईस झोपू लागला. सहा सहा तास, स्वप्नाशिवाय.

हे तो ग्लोरियाला तुरुंगात भेटायला आला तेव्हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आणि डॉली विमानात बसणार होते. तारा निघाल्या होत्या, पण तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मला आता झोप लागते, ग्लोरिया. बोललो त्याने बरं वाटलं. तुझ्या औषधानेच ते बाहेर आलं. तू म्हणत होतीस तसंच झालं."

"जन्नतला लागते का झोप?"

त्याने कपाळावरचा व्रण चोळला.

"सांग ना."

"इब्राहीम म्हणतो, रात्रभर बसून असते. शाळेत जायचं सोडलंय."

ग्लोरियाने काचेवर हात ठेवला. तिचा राग कुणावर होता तेच तिला ठरवता येईना. मग म्हणाली, "डॉलीला माझ्या आईकडे सोड. तू तुझ्या घरी राहा. मी आले की आईकडेच जाईन."

"आणि मी?"

"मुंबईत डॉक्टर आहेत. तिथे हे कागदावर आहे. सगळ्यांसमोर, सही करून, जे घ्यायचं ते घे. मी आता सुई धरणार नाही. आणि जन्नतला जे सांगितलंस ते तोंडी ठेवू नकोस. तिच्या नवऱ्याच्या चौकशीत अजून तुझं खोटं लिहिलेलं आहे."

"तुरुंगात टाकतील मला."

"टाकू दे," ग्लोरिया म्हणाली. "मी आहेच ना."

शिपाईबाईने वेळ संपल्याची खूण केली. लुईस उठला, परत बसला, मग पुन्हा उठून निघून गेला.

मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्याच्यावर सहा वेळा उपचार झाले, यंत्रं लावून, डॉक्टर शेजारी बसून. तो पूर्ण बरा झाला नाही, पण त्याचा हात पुन्हा कुणावर उठला नाही. इब्राहीमने अर्ज दिला आणि चौकशी परत उघडली. लुईसने वसईहून व्हिडिओवर जबाब दिला, दोन तास, काही न गाळता. त्याचं पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

ग्लोरियाची शिक्षा संपायला तेव्हा चार महिने उरले होते. भेटीच्या दिवशी इब्राहीम आला आणि म्हणाला की जबाब चालू असताना जन्नत इथल्या चौकशीच्या खोलीत पहिल्या रांगेत बसली होती. जबाब तिने शेवटपर्यंत ऐकला. मध्ये एकदाही उठली नाही.